आत दिवा आहे का

बंद दाराआड बाबा हसले, तेव्हा मी पाण्याचा जग हातात घेऊन बाहेर उभी होते. हसू मोठं नव्हतं, नाकातून सुटलेला एक फुसका आवाज. पण आई गेल्यापासूनच्या चार महिन्यांत मी तोही ऐकला नव्हता. या चार महिन्यांत बाबा माझ्याशी बोललेच नव्हते. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. मी काही विचारलं की ते मान हलवत, किंवा मान हलवायचीही वेळ येऊ नये म्हणून उठून खोलीत जात. आणि आता कुणा परक्या बाईला ते फोनवर सांगत होते, "अहो, नळ मीच दुरुस्त केला. वायसर गेला होता, बाकी काही नाही. प्लंबर बोलावला असता तर त्यानं आधी भिंत फोडली असती."

मग चमच्याचा आवाज आला. बाबा बोलता बोलता जेवत होते. मी जग तसाच घेऊन स्वयंपाकघरात परत आले.

ही फोनवाली बाई मावशीनं मिळवून दिली होती. एक संस्था होती, तिचे स्वयंसेवक एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना रोज दुपारी फोन करत. उपदेश नाही, औषधांची चौकशी नाही, नुसत्या गप्पा. मावशीनं बाबांचं नाव परस्पर देऊन टाकलं होतं.

"एकटे कुठे आहेत ते?" मी तेव्हा म्हटलं होतं. "मी आहे ना घरात."

"तू आहेस म्हणूनच," मावशी म्हणाली होती, आणि लगेच उठून तिनं दुधाचं पातेलं विसळायला घेतलं होतं.

आईच्या आजारपणात मी माझं बिऱ्हाड गुंडाळून इथे आले. मी पुस्तकांची मुद्रितं तपासते. ते काम कुठल्याही टेबलावर होतं, आणि आईच्या पलंगाशेजारी ते बरं व्हायचं. ती गेली आणि मी राहिले, कारण बाबांची पॅन्ट पट्ट्यानंही कमरेवर राहीनाशी झाली होती. ताट मी त्यांच्या खोलीत ठेवायची. फोन येई त्या दिवशी ते रिकामं बाहेर येई. रविवारी फोन नसे, आणि ताट जसं जाई तसं परत येई, भाताचा उंचवटासुद्धा न मोडलेला. डॉक्टरांनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं आणि मग मला बाहेर बोलावून सांगितलं की पोटात, छातीत कुठे काही बिघाड नाही, माणूस जेवत नाही एवढंच आहे, आणि एवढंच पुरेसं असतं.

म्हणून मावशी बातमी घेऊन आली तेव्हा मी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"ती फोनवाली चालली," मावशी म्हणाली. "नवऱ्याची बदली झाली. शनिवारी शेवटचा फोन."

"मग दुसरं कोण?"

"कोणी नाही. माणसं कमी आहेत म्हणे त्यांच्याकडे. यादीत नाव राहील, मिळालं माणूस की देऊ." तिनं पदराऐवजी टेबलावरच्या फडक्यानंच कपाळ पुसलं. "फुकट बडबड करायला माणसं मिळत नाहीत. आमच्या इमारतीत तर इतकी बडबड चालते, की ती ठेवायची कुठे असा प्रश्न आहे."

त्यांना माणूस कमी पडत होता. हे साधं गणित होतं आणि मी ते लगेच मांडलं. मी स्वयंसेवक झाले, दुसऱ्या कुणाचे तरी फोन अंगावर घेतले, तर त्यांचं एक माणूस बाबांसाठी सुटं होईल. मी संस्थेला फोन लावला. तिथल्या मुलीनं सांगितलं की सोमवारी सकाळी मुलाखती आहेत, याल का. आणि शेवटी, रोज म्हणत असल्यासारखं, एका दमात म्हणाली की गेल्या वर्षभरात घरातलं जवळचं कुणी गेलं असेल तर मात्र या कामावर घेत नाहीत, तेवढं बघा.

"बघितलं," मी म्हटलं.

मावशी ऐकत होती. "म्हणजे संपलंच."

"का संपलं? आई घरी असते म्हणून सांगायचं."

मावशी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. गेलेली बाई माझी आई होती तशी तिची थोरली बहीण होती. "सांग," ती शेवटी म्हणाली. "तेवढ्यापुरती तरी असू दे घरी." मग तिच्या नेहमीच्या आवाजात, "पण फोनवर बोलायचं काम, आणि तू! तुझा फोन आला की अजून माझ्या पोटात गोळा येतो. आधी 'मी आहे' म्हणत जा गं, मग पुढचं बोल."

हे खरं होतं. माझा चेहरा बाबांचा, पण आवाज आईचा. समोर उभं असलं की कुणाच्या लक्षात येत नसे, चेहरा आवाजाला झाकून टाकी. फोनवर मात्र मी लहानपणापासून आईच होते. आईच्या मैत्रिणी मला त्यांच्या सुनांची गाऱ्हाणी अर्धी सांगून मोकळ्या व्हायच्या. बाबा कामावरून फोन करायचे. मी "हॅलो" म्हटलं की पलीकडून थकलेला, सैल पडलेला आवाज यायचा, "हां, बोल गं." एकदा तर त्यांनी मलाच माझ्या गणिताच्या मार्कांबद्दल सांगितलं होतं, आणि वर, "तिला आत्ता काही बोलू नकोस, जेवण होऊ दे." मी "बरं" म्हणून फोन ठेवला होता आणि पोटभर जेवले होते.

रविवारी मावशीनं माझी तयारी करून घेतली. टेबलाच्या पलीकडे ती बसली, अलीकडे मी.

"तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?"

"मी कामात फार गुंतते."

"चल! हे सगळेच सांगतात. खरा सांग."

"माझी मावशी."

"बरोबर. यावर तुला नक्की घेतील." तिनं आवाज मोठ्या साहेबासारखा केला. "पगार मिळणार नाही हे कळलंय ना?"

"कळलंय."

"मग मुलाखत कसली घेता म्हणावं? फुकट राबायला एवढी चाळणी, तर पगार दिला असता तर रक्त तपासलं असतं का?"

त्या दिवशी रविवार होता. आतून ताट तसंच बाहेर आलं.

संस्थेची जागा एका दातांच्या दवाखान्याच्या वर होती. जिन्यात लवंगेच्या तेलाचा वास होता आणि पहिल्या मजल्यावरून यंत्राची बारीक किरकिर येत होती. वर बसायला कुठल्याशा बंद पडलेल्या सिनेमागृहानं दान केलेल्या खुर्च्या होत्या, लाल, घडी होणाऱ्या. उठलं की मागे फटाक्कन वाजायच्या. माझ्या शेजारी एक निवृत्त बँकवाले बसले होते. त्यांनी टाय लावला होता.

"शेवटची मुलाखत दिली तेव्हा डोक्यावर केस होते," ते मला म्हणाले. "घाम फुटलाय बघा. नापास केलं तर घरी काय तोंड दाखवू? मुलगा म्हणतो, फुकटच्या कामातही नापास होणारा बाप जगात माझा एकट्याचाच."

त्यांना आधी बोलावलं. ते गेले, खुर्ची फटाक्कन मिटली. परत आले तेव्हा टाय सैल होता आणि चेहरा शाळेतून सुटलेल्या पोरासारखा.

मुलाखत घेणाऱ्या बाई साठीच्या होत्या, लोकरी जाकीट घातलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात. तोंडात पेपरमिंट होतं. ते बोलताना दातांवर आपटून टिकटिक व्हायची. त्यांनी मला काही कागद मागितला नाही. समोर बसवलं आणि विचारलं, "हे का करायचंय?"

मी तयार केलेलं उत्तर दिलं. त्यांनी ते, सेल्समनचं ऐकून घ्यावं तसं, ऐकून घेतलं.

"घरी कोण कोण?"

"आई, वडील आणि मी."

"आई काय करतात?"

एवढं साधं विचारतील असं मला वाटलं नव्हतं. "आई दुपारी शब्दकोडं सोडवते," मी म्हटलं. "पेननं. पेन्सिल तिला आवडत नाही. चुकलं तर त्याच चौकटीत दुसरं अक्षर इतकं ठाशीव काढते की खालचं दिसू नये. संध्याकाळपर्यंत कोडं काळंकुट्ट होतं, पण सुटतं." मी थांबायला हवं होतं. "मधेच हाक मारून विचारते, चार अक्षरी, शेवटी 'ट'. मी सांगितलं तर म्हणते, तू सांगू नकोस, मी नुसतं विचारलं."

"तब्येत बरी असते?"

"आता बरी आहे," मी म्हटलं. तोंडातून गेलेलं ते वाक्य किती वेळ खोलीत राहिलं. मला ते परत घ्यावंसं वाटेना.

बाईंनी पेपरमिंट एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "समजा, पलीकडच्या माणसानं तुम्हाला आपली बायको समजलं. गेलेली बायको. होतं असं. काय कराल?"

"सांगेन की मी ती नाही."

"लगेच?"

"हळूच. पण सांगेन."

"का? बिचाऱ्याला तेवढंच समाधान."

"फोन ठेवल्यावर ती त्यांच्यासाठी पुन्हा एकदा जाईल म्हणून."

त्यांनी पहिल्यांदाच चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्याकडे पाहिलं. "आमच्याकडे नियम फार नाहीत," त्या म्हणाल्या. "एकच कडक आहे. फोन आपण आधी ठेवायचा नाही. समोरच्यानं ठेवला की संपलं. तो गप्प बसला, तर आपणही गप्प बसायचं, पण लाईनवर राहायचं."

"माझ्या वडिलांचाही हाच नियम होता."

हे मी मुलाखतीसाठी म्हटलं नव्हतं. पण त्यांनी भुवया उंचावल्या म्हणून सांगावं लागलं. बाबा लिफ्टचे मेकॅनिक. शेवटची काही वर्षं ते कंपनीच्या नियंत्रण कक्षात होते. शहरात कुठे लिफ्ट अडकली की आतल्या माणसाचा फोन त्यांच्याकडे लागायचा, आणि दार उघडेपर्यंत त्या माणसाशी बोलत राहणं हे त्यांचं काम. ते आधी नाव विचारत नसत. कुठे अडकलात, किती जण आहात, हेसुद्धा नंतर. पहिला प्रश्न एकच असायचा, आत दिवा आहे का? दिवा असेल तर वीज आहे, म्हणजे बिघाड कुठला हे अर्धं कळतं. आणि दिवा आहे की नाही हे सांगायला माणसाला मान वर करून बघावं लागतं. मान वर केली की श्वास सुटतो, असं बाबांचं म्हणणं. मग ते सांगत, मी लाईनवर आहे, दार ढकलू नका. घाबरलेला माणूस दार ढकलतो, आणि ढकललं की ते आणखी आवळतं.

"चांगला माणूस दिसतो," बाई म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

मग त्या पलीकडच्या खोलीत गेल्या. आता त्या एक म्हातारा होणार होत्या आणि मी त्याला फोन करणार होते. टेबलावरच्या फोनवरचं बटण दाबलं की तिकडे वाजणार होतं. मी दाबलं.

"कोण?" बाईंनी आवाज खरखरीत केला होता. खरंच म्हातारा वाटत होता.

"नमस्कार. मी संस्थेतून बोलतेय. कसे आहात?"

"जिवंत आहे."

"ते कळलं. मेलेली माणसं इतक्या तुसडेपणानं बोलत नाहीत."

पलीकडे पेपरमिंट टिकटिकलं. हसू दाबलं असावं. "मला बोलायचं नाही."

"नका बोलू. मी आहे लाईनवर."

तो म्हातारा गप्प बसला आणि मीही बसले. खालच्या दवाखान्यातली किरकिर ऐकू येत होती. मला वाटलं, जमतंय. मला वाटलं, उद्या कुणीतरी बाबांना फोन करेल.

"आत दिवा आहे का?" मी विचारलं.

"दुपारी कशाला दिवा?"

"मग पडदे उघडे असतील."

"नाहीत. पडदे ती उघडायची."

बाई हे काम वर्षानुवर्षं करत असाव्यात. त्या एका वाक्यात त्यांनी अख्खं घर उभं केलं. मी विचारलं, "जेवलात?"

"नाही."

"सकाळी काही?"

"नाही. कालही नाही. समोर ठेवलेलं आहे. खाऊन काय करायचंय मला?"

"असं नका ना करू, बाबा," मी म्हटलं.

तो शब्द गेला, आणि त्याच्यामागून बाकीचे गेले. "मी काय करू ते तरी सांगा. मी रोज वाढते, तसंच्या तसं परत येतं. तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मी काय केलंय? काय करू मी आता, बाबा?"

तिकडून काहीच आलं नाही. फोन ठेवल्याचा आवाजही नाही. बाई त्यांचा नियम पाळत होत्या. मी रिसीव्हर कानाशी धरून बसले, पलीकडे एक माणूस श्वास घेत होता, आणि मला ते सहन होईना. शेवटी फोन मी ठेवला.

त्या परत आल्या, समोर न बसता माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. पेपरमिंट संपलं होतं किंवा त्यांनी काढून टाकलं होतं.

"कोण गेलं?"

"आई."

"कोडी सोडवणाऱ्या?"

"हो."

त्यांनी थोडा वेळ माझ्या हातावर हात ठेवला आणि मग काढून घेतला. "वर्षभरानं या. मी तुम्हाला घेईन, शब्द देते."

"वर्षभर ते टिकणार नाहीत," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. तुमची जी बाई शनिवारी गेली, तिच्याशी बोलत असतानाच ते जेवायचे. आज दुपारी फोन येणार नाही. मला घेऊ नका, पण त्यांना कुणीतरी द्या.

"आमच्याकडे कोण आहे आणि कोण नाही, हे मला बाहेर सांगता येत नाही."

"मी बाहेरची नाही. मुलगी आहे."

"मुलीला तर नाहीच सांगत. त्यांनी इथे बोललेलं त्यांचं असतं."

"ते काय बोलतात ते नकोय मला. ती काय बोलायची ते सांगा. एवढंच. मीही तसंच बोलेन."

"असं खास कुणी काही बोलत नाही हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "नळ, पाऊस, गुडघे."

"मग आज एक दिवस तुम्ही करा फोन. तुम्हाला किती छान येतं."

मी त्यांच्या जाकिटाची बाही धरली होती हे मला त्यांनी माझी बोटं हळूच सोडवली तेव्हा कळलं. आज ज्यांना निवडलं, त्यांनाही दोन महिने शिकवल्याशिवाय फोन देत नाहीत, त्या म्हणाल्या. तोपर्यंत यादी. मग जरा थांबून, मला रिकाम्या हातानं पाठवू नये म्हणून, "दर गुरुवारी पाकिटं भरायला माणसं लागतात. यायचं तर या."

"मला पाकिटं नकोत," मी म्हटलं. मी उठले, खुर्ची साधी होती, ती वाजली नाही.

घरी आले तेव्हा मावशी स्वयंपाकघरात उभी होती. मला बघून हळू आवाजात म्हणाली, "ताट आत ठेवलंय. पडदा ओढून फोनसमोर बसलेत. शनिवारी शेवटचा होता हे त्यांना ठाऊक आहे, तरी बसलेत. मघाशी रिसीव्हर उचलून कानाला लावून बघितला, बंद तर पडला नाही ना म्हणून." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून, "काय झालं?"

"नापास."

"फुकटच्या कामात?" ती म्हणाली. "घराण्यात पहिलीच गं तू." आणि हसायला गेली तर तिचा चेहरा भलतीकडेच वळला. तिनं तो भिंतीकडे केला आणि भांडी लावायला लागली, जी लावलेलीच होती.

मी आईच्या खोलीत गेले. बाबांची खोली आणि ही, मधे एक भिंत. आईला शेवटी उजेड सहन होत नसे म्हणून पडदे बंद होते ते तसेच राहिले होते. मी पलंगावर बसले. भिंतीपलीकडे काहीही वाजत नव्हतं. फोनची वेळ होऊन गेली होती. अन्न गार होत असणार. मी आत जाऊन त्यांच्यापुढे गुडघे टेकले असते, पण तेही करून झालं होतं, दुसऱ्या महिन्यात. तेव्हा ते माझ्या डोक्यावरून खिडकीकडे बघत बसले होते.

मी मोबाईल काढला आणि आमच्याच घरचा नंबर लावला.

भिंतीपलीकडे जुना फोन वाजला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला गेला.

"हॅलो!" बाबांचा आवाज घाईचा होता, वाट बघितलेला.

"हॅलो," मी म्हटलं. एवढंच.

पलीकडे सगळं थांबलं. मग त्यांचा आवाज आला, थकलेला, सैल, कामावरून यायचा तसा. "हां," ते म्हणाले. "बोल गं."

आई त्यांना 'अहो' म्हणायची. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. एकच शब्द, मग काही करावं लागलं नसतं. अहो, जेवून घ्या. त्यांनी सगळं ताट संपवलं असतं, उद्याचंही, परवाचंही. सकाळी मी एका परक्या बाईला फार शहाण्यासारखं उत्तर दिलं होतं. ते उत्तर देणारी बाई आत्ता मला कुठे सापडेना. मी इतका वेळ गप्प बसले की मला माझाच श्वास फोनमधून परत ऐकू यायला लागला.

"बाबा," मी म्हटलं. "मी आहे. आई नाही."

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

मी भिंतीकडे बघितलं.

"इतकी वर्षं लिफ्टमधली माणसं नुसत्या आवाजावर ओळखली. घरातलं माणूस ओळखणार नाही?"

"मग माझ्याशी बोलत का नाही?"

 त्यांनी रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर नेल्याचं घासटणं ऐकू आलं.

"तू मागून काहीतरी विचारतेस," ते म्हणाले. "पाणी ठेवू का. दिवा मालवू का. मी वळून बघतो." ते थांबले. "आणि तू असतेस."

मी खूप वाचलेलं आहे. दुःखाबद्दल माणसांनी काय काय लिहून ठेवलंय, त्यातलं बरंचसं माझ्या हाताखालून गेलंय, त्यातल्या चुका मी काढल्या आहेत. त्यातलं एक अक्षर माझ्या मदतीला आलं नाही.

"तुझा दोष नाही गं त्यात," बाबा म्हणाले. "पण रोज वळून बघायचं. मला नाही होत. फोनवर बरं वाटतं. फोनवर कुणी दिसत नाही."

म्हणजे मुलगी म्हणून मी त्यांना खोलीत चालत नव्हते, भिंतीआड चालत होते. हे मला समजलं, आणि ते खोटं नाही हेही समजलं, आणि मी रडायला लागले. आवाज न करता रडायची मला सवय झाली होती, पण फोन सगळं नेतो. बाबांनी ऐकलं असणार.  रडू नकोस असं ते म्हणाले नाहीत. मग त्यांचा आवाज बदलला. हा आवाज मी लहानपणी कधीतरी त्यांच्या कक्षात स्टुलावर बसून ऐकला होता. सपाट, सावकाश, जणू त्यांना दिवसभर दुसरं काही कामच नाही.

"ऐक," ते म्हणाले. "आत दिवा आहे का?"

मी मान वर केली. "नाही."

"लाव. मी लाईनवर आहे."

मी उठून दिवा लावला. भर दुपारी तो केविलवाणा दिसत होता. पण खोलीत काय काय आहे ते दिसलं. आईची उशी. माझी बॅग, जी मी आल्यापासून पुरती उघडली नव्हती.

"लागला?"

"लागला."

"दार ढकलू नकोस," बाबा म्हणाले. "इतक्यात नको."

"नाही ढकलत."

 मी डोळे पुसले. "जेवलात?"

"ताट आहे समोर."

"गार झालं असेल."

"असू दे. तू?"

"नाही अजून."

"मावशी आहे ना बाहेर? तिला वाढून द्यायला सांग."

सांगावं लागलं नाही. मावशी दारात ताट घेऊन उभीच होती, किती वेळ कुणास ठाऊक. तिनं ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि कानाशी येऊन कुजबुजली, "दोन खोल्यांत दोन ताटं. हॉटेल आहे का हे?" तिचं नाक लाल झालं होतं. ती गेली आणि तिनं दार अगदी हळू लावून घेतलं.

"काय म्हणते ती?" बाबांनी विचारलं.

"हॉटेल आहे का म्हणतेय."

नाकातून सुटलेला तो फुसका आवाज आला. मग ते म्हणाले, "उद्या किती वाजता करशील?"

त्यांनी ते फोनवाल्या बाईला विचारावं तसं विचारलं, जरा अदबीनं.  "याच वेळेला," मी म्हटलं. "खा आता. मी ठेवत नाही फोन."

चमचा वाजला. आधी भिंतीतून, मग क्षणभरानं फोनमधून. मी एक घास घेतला. चमचा थांबला, आणि मीही थांबले, फोन कानाशी घट्ट धरून. पलीकडे ते श्वास घेत होते. मग तो पुन्हा वाजला, आधी भिंतीतून.